जाऊबाईंच्या गाडीतलं पुस्तक मंडळ

माझ्या थोरल्या जाऊबाई गाडी चालवायला शिकवतात. आमच्या शहरात शिकवणारे पुष्कळ आहेत, पण नवऱ्याच्या किंवा भावाच्या शेजारी बसून शिकताना जिला रडू फुटलेलं असतं, ती बाई शेवटी यांच्याकडेच येते. पुरुषही येतात, फक्त ते घरी सांगत नाहीत. शिकवण्याच्या गाडीत डाव्या सीटच्या पायाशी एक जास्तीचा ब्रेक असतो. शिकणाऱ्याला कळू न देता तो दाबण्यात जाऊबाईंचा हातखंडा आहे. समोरच्याला वाटतं, गाडी आपणच थांबवली. उतरताना त्याची मान ताठ असते.

मी त्यांना वहिनी म्हणते, कारण माझा नवरा म्हणतो. आम्ही एकाच घरात राहतो. त्या खाली, आम्ही वर, आणि सासूबाई जिथे टीव्हीचा आवाज मोठा तिथे. सासूबाईंना ऐकू कमी येतं हे त्यांना मान्य नाही. हल्लीची माणसं पुटपुटतात, असं त्यांचं म्हणणं आहे. त्या टीव्हीमुळे आमच्या घरात दोन वाक्यं सलग बोलायची सोय नाही. म्हणून जाऊबाईंचं पुस्तक मंडळ गाडीत भरतं.

दर रविवारी दुपारी घरामागच्या गल्लीत, सुताराच्या बंद दुकानाच्या भिंतीला लागून, त्या गाडी सावलीत उभी करतात. समोरच्या काचेजवळच्या पकडीत फोन अडकवतात, चष्मा लावतात, पुस्तक स्टिअरिंगवर टेकवतात आणि एकेक चेहरा स्क्रीनवर यायची वाट बघतात. पहिल्यांदा मी चहाचा थर्मास द्यायला गेले आणि मागच्या सीटवर जरा टेकले, ती टेकलेच. स्क्रीनवर माझा अर्धा कान आणि खांदा दिसायचा. मंडळात मला सगळे ‘मागची सीट’ म्हणायला लागले.

हे मंडळ सुरू झालं ते जाऊबाईंच्या पायामुळे. इतकी वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून त्यांना ओरखडा आला नव्हता. आणि घरात पंखा पुसताना स्टुलावरून पडल्या. पाय प्लास्टरमध्ये, गाडी बंद, खाली टीव्ही. त्यांच्याकडे शिकून गेलेली एक नर्स तेव्हा नुकतीच परदेशात नोकरीला लागली होती. तिचा फोन आला. “बाई, तुम्ही तिथे अडकलात, मी इथे एकटी. एकच पुस्तक दोघींनी वाचू या का? मग त्यावर बोलू.”

जाऊबाईंनी शाळा सुटल्यापासून पुस्तक म्हणून हातात धरलं नव्हतं. पहिलं पुस्तक त्यांनी निव्वळ त्या पोरीला बरं वाटावं म्हणून वाचलं, दुसरं स्वतःसाठी. तिसऱ्याला अक्षरं अंधुक दिसायला लागली म्हणून चष्मा करायला गेल्या, तर चष्मेवालेच मंडळात आले. मग एक तरुण जोडपं आलं. ते दोघं एकाच स्क्रीनसमोर बसून एकमेकांशीच भांडायचे. मग मास्तर आले, भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या पुतणीला जाऊबाईंनी गाडी शिकवली होती. आणखी चार-पाच जण असेच कुणाच्या ना कुणाच्या ओळखीने आले.

जाऊबाईंनी नियम फार केले नाहीत. एका वेळी एकानेच बोलायचं. पुस्तक संपलं नसेल तरी यायचं, पण संपलं असं खोटं सांगायचं नाही. कुणी बोलायला बिचकलं, की त्या म्हणायच्या, “घाबरू नका, गाडी उभी आहे.” आणि कुणी सुटलंच, थांबेचना, तर त्या नुसत्या चष्मा काढायच्या. लोक आपोआप थांबायचे.

मंडळातला सगळ्यांत गूढ माणूस म्हणजे कुंडीवाले. त्यांच्या चौकोनात चेहऱ्याच्या जागी एका कुंडीचा फोटो असायचा, मातीची साधी कुंडी आणि त्यात कसलंसं हिरवं रोप. कॅमेरा त्यांनी कधीच लावला नाही. नर्सने एका वाचकांच्या ग्रुपवर मंडळाची माहिती टाकली होती, ती वाचून ते आले होते. आवाजावरून वयस्कर वाटायचे. एकटे राहतात, एवढंच माहीत होतं. प्रत्येक पुस्तक ते दोनदा वाचायचे आणि क्वचितच बोलायचे. पण ते बोलले, की बाकीच्यांना आपण पुस्तक घाईत वाचलं असं वाटायचं. मास्तरांना तर ते फार आवडायचे. “कुंडीवाल्यांचं काय मत आहे ते ऐकू या,” असं मास्तर हमखास म्हणायचे.

मग चष्मेवाल्यांनी ती कादंबरी सुचवली.

कादंबरी होती आपसांतल्या लढाईची. एका गावाचे दोन भाग होतात, मध्ये नाके बसतात, आणि एक बस ड्रायव्हर या बाजूची माणसं त्या बाजूला आणि त्या बाजूची या बाजूला पोचवत राहतो. शेवटच्या फेरीत त्याच्या बसमध्ये एक आजारी मूल असतं आणि नाक्यावरचा एक पोरगेला पहारेकरी बस मागे वळवायला लावतो. मूल दगावतं. एवढीच गोष्ट. पण आमच्या शहरात ती वाचणं म्हणजे साधी गोष्ट नव्हती.

आमच्याकडेही तसलं होऊन गेलंय. त्याला कुणी नाव देत नाही, सगळे नुसतं ‘ते दिवस’ म्हणतात. मी तेव्हा पाळण्यात होते. वरची वस्ती आणि खालची वस्ती एकमेकींवर उठल्या होत्या आणि बाजाराच्या रस्त्यावर अडथळे लागले होते, एवढं मी ऐकून आहे. पुढे सगळं निवळलं, अडथळे उचलले गेले, दुकानं उघडली. कोण कोणाच्या बाजूला होतं ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी कुणाला विचारत नाही.

माझे मोठे दीर पुस्तक बघूनच म्हणाले, “कशाला ते उकरून काढता? दुसरं काही मिळालं नाही का?”

सासूबाईंनी विचारलं, “लग्न होतं का त्यात कुणाचं?”

“नाही,” जाऊबाई म्हणाल्या.

“मग काय वाचायचं,” म्हणून सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला.

जाऊबाई स्वतःही खुशीत नव्हत्या. पण मंडळात हात वर करून पुस्तक ठरतं आणि जास्त हात याच पुस्तकाला होते. पहिला रविवार बरा गेला. ड्रायव्हरविषयी बोलण्यात वेळ संपला. जाऊबाईंना तो ड्रायव्हर पसंत होता, फक्त तो उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडतो हे त्यांना अजिबात पटलं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी नाक्याचं प्रकरण होतं. त्यात लेखकाने चार पानं त्या पहारेकऱ्याच्या मनात शिरून लिहिली आहेत. त्याचे बूट फाटलेत, पोटात काही नाही, आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्याच साथीदाराची त्याला भीती वाटतेय. पुढे तो कादंबरीत पुन्हा येत नाही.

जोडप्याचं बोलून झाल्यावर मास्तर म्हणाले, “या पोराला चार पानं कशाला? बूट फाटके होते म्हणे. फाटके बूट माझेही होते.”

जाऊबाई म्हणाल्या, “मास्तर, ती पानं नको का वाटली तुम्हाला?”

मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “माझी धाकटी बहीण होती. त्या दिवसांत तिच्या पोटात दुखायला लागलं. लोळायची नुसती. दवाखाना बाजाराच्या पलीकडे. वडील आणि मी तिला हातगाडीवर घालून चौकातल्या अडथळ्यापर्यंत नेलं. तिथे असाच एक पोरगा होता. वडिलांनी हात जोडले. त्यानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ‘मागे फिरा’ म्हणाला. आम्ही मागे फिरलो. सकाळी ती गेली. लेखकानं त्या हातगाडीबरोबर मागे यायला हवं होतं. तो त्या पोराबरोबर नाक्यावरच थांबला.”

जोडप्यातल्या मुलीने नवऱ्याचा हात धरलेला मला दिसला. मग कुंडीच्या चौकोनाची कड उजळली, म्हणजे तिकडून आवाज येत होता.

“मास्तर, मी अशाच एका नाक्यावर उभा होतो.”

नर्सला वाटलं, हेही तसेच अडकलेले. ती हळूच म्हणाली, “तुम्हालाही परत पाठवलं का हो?”

“नाही. मी परत पाठवत होतो.”

मी मागच्या सीटवरून स्क्रीनच्या जवळ वाकले. जाऊबाईंचा हात पुस्तकावर होता तसाच राहिला.

कुंडीवाले पुढे म्हणाले, “तुमच्या चौकात होतो की नाही, मला सांगता यायचं नाही. आम्हाला इकडून तिकडे हलवायचे. मी या शहरात तेव्हा पहिल्यांदाच आलो होतो. चौकांची नावंही माहीत नव्हती.”

मास्तरांचा चौकोन नाहीसा झाला. ते मीटिंग सोडून गेले होते.

त्या संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर नुसती आग लागली. इतके दिवस आपण कोणाशी बोलत होतो, असं एकाने लिहिलं. चष्मेवाल्यांनी लिहिलं, “पुस्तक मी सुचवलं, चूक माझी. पण या माणसाला आजच्या आज काढा.” दोघं जण तर कुणाशी एक शब्द न बोलता ग्रुपमधून निघून गेले. दुसऱ्या दिवशी एका शिकाऊ बाईने शिकवणी बंद केली. कारण सांगितलं नाही, पण ती चष्मेवाल्यांच्याच गल्लीतली होती.

मोठे दीर म्हणाले, “तुला काय पडलंय या सगळ्याचं? बंद करून टाक ते मंडळ.”

जाऊबाई कणीक तिंबत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “चढावर गाडी बंद केली तर ती मागे जाते,” एवढंच म्हणाल्या.

त्यांनी पहिला फोन मास्तरांना केला. मला गाडीत बसवून, फोन स्पीकरवर ठेवून. मागाहून म्हणाल्या, “मी चुकीचं बोलायला लागले तर मागून चिमटा काढायला कुणीतरी हवं होतं.”

मास्तरांनी नमस्कारही केला नाही. “एक तर तो राहील नाही तर मी.”

“मी कुणालाच काढणार नाही, मास्तर.”

“मग मला काढा.”

“तुम्हालाही काढणार नाही. तुम्ही यावं असं मला वाटतं, पण या असं सांगणार नाही. तुमच्या बहिणीचं ऐकून घेतल्यावर तुम्हाला काही सांगायचा माझा अधिकारच नाही. दर रविवारी लिंक पाठवत जाईन. उघडायची की नाही, तुम्ही ठरवा.”

“तुम्ही त्याची बाजू घेताय, बाई.”

“नाही घेत,” जाऊबाई म्हणाल्या. “पण तो गप्प राहिला असता तर आपल्याला आयुष्यभर तो आवडला असता. मला हेसुद्धा झोपू देत नाहीये.”

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. मला चिमटा काढावासा वाटला नाही.

मग त्यांनी कुंडीवाल्यांना फोन लावला. ते तयारीतच असल्यासारखे बोलले. “बाई, तुम्हाला त्रास नको. मीच बाहेर पडतो.”

“बाहेर पडणं सोपं आहे हो. पण तुम्ही अर्धंच बोललात. अर्धं बोलून निघून गेलात तर मास्तरांच्या डोक्यात उरलेलं अर्धं ते स्वतःच रचत बसतील.”

“मग मी काय करू?”

“यायचं असेल तर कॅमेरा लावून या. त्यांनी आपल्या बहिणीचं मरण एका कुंडीला सांगितलं. हे बरोबर नाही.”

कुंडीवाले म्हणाले, “मला बघून त्यांना ओळख पटली तर?”

जाऊबाईंनी माझ्याकडे आरशातून पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज हलला नाही. “तर पटेल. मी तिथेच असेन. यापेक्षा जास्त काही मी देऊ शकत नाही तुम्हाला.”

फोन ठेवल्यावर त्या स्टिअरिंगवर हात ठेवून नुसत्या बसून राहिल्या. मी म्हटलं, “वहिनी, एवढं अंगावर कशाला घेता? काढलं असतंत तर कुणी तुम्हाला नावं ठेवली नसती.”

तेव्हा त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. त्या गाडी शिकल्या त्या ‘ते दिवस’ चालू असतानाच, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कशा शिकल्या, ते कुणी विचारलंच नव्हतं. त्यांचे वडील एका बेकरीची पावाची गाडी चालवायचे. दंगलीत त्यांच्या हाताला दगड लागला आणि हाड मोडलं. बेकरी चालू होती, लोकांना पाव हवाच होता. मग थोरली लेक म्हणून या स्टिअरिंगवर बसल्या. वडील शेजारी बसून एका हाताने गिअर दाखवायचे. काही दिवसांनी त्यांना ताप भरला आणि या एकट्याच निघाल्या.

“नाक्यावर पोचले आणि गाडी बंद पडली,” जाऊबाई म्हणाल्या. “भीतीनं क्लच सुटला. मग चालूच होईना. बंदूक घेतलेला एक पोरगा खिडकीशी आला. मला वाटलं, संपलं. तर तो हसायला लागला. म्हणाला, ‘उतरू नको, दुसरा गिअर टाक.’ बंदूक पाठीवर टाकली आणि मागे जाऊन एकट्यानं धक्का दिला. गाडी चालू झाली. मी मागे वळून बघितलंही नाही.”

“चांगला निघाला म्हणायचा,” मी म्हटलं.

“कोण जाणे. नाका तोच, बाजाराच्या चौकातला. मास्तरांच्या बहिणीची हातगाडी आली तेव्हा तिथे तो होता की दुसरा कुणी, मला काय माहीत? मला धक्का देणारा त्याच दिवशी दुसऱ्या कुणाला मागे फिरवत नसेल कशावरून? माझ्या माहेरी शेजारच्या घरातली दोन माणसं गेली होती त्या दिवसांत. त्यांच्यासमोर कोणत्या तोंडानं सांगू, की मला त्यांच्यातल्या एकानं मदत केली? म्हणून मी कधी कुणाला सांगितलंच नाही. तो मुलगा कोण होता, कसा होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही गं. आणि हे लोक म्हणतात, संध्याकाळपर्यंत ठरवून टाक.”

मला राहवलं नाही. “वहिनी, कुंडीवाले तर तो नसतील?”

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी एकदम शिकाऊ झाले. “तशी पोरं नाक्यानाक्यावर होती. असलं कादंबरीत लिहिलं असतं तरी मास्तरांनी लेखकाला धारेवर धरलं असतं.”

ही गोष्ट त्यांनी मंडळात सांगितली नाही. मी एकदा सुचवूनही पाहिलं. त्या म्हणाल्या, “माझी गोष्ट ऐकली की सगळ्यांना वाटेल, चला, दोन्हीकडे थोडं थोडं चांगलं होतं, विषय संपला. मास्तरांचा विषय तसा संपत नाही.”

पुढच्या रविवारी जाऊबाईंनी गाडी नेहमीपेक्षा आधीच गल्लीत आणून उभी केली. नर्स आली, जोडपं आलं आणि न भांडता बसलं. चष्मेवाले येणार नाहीत असं वाटलं होतं, पण आले, हाताची घडी घालून. मग कुंडी आली. आणि थोड्या वेळाने कुंडी गेली आणि तिथे एक माणूस दिसायला लागला.

मी मनात काय चित्र काढलं होतं कोण जाणे, पण ते हे नव्हतं. बारीक चणीचे म्हातारे गृहस्थ, कोपरावर विटलेला स्वेटर, नाकावर एका बाजूला कललेला चष्मा. मागे स्वयंपाकघराचा ओटा आणि पालथं घातलेलं एकच ताट. ते आम्हा सगळ्यांकडे बघत होते, पण नक्की कुठे बघायचं हे न कळल्यासारखे.

मास्तर उशिरा आले. त्यांनी स्क्रीनवरचा तो चेहरा पाहिला आणि बघतच राहिले. आम्ही सगळे मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. शेवटी त्यांनी मान हलवली. “नाही ओळखता येत,” ते म्हणाले. “मला वाटलं होतं येईल.”

जाऊबाई म्हणाल्या, “मास्तर, तुम्हाला काही बोलायचंय, की आधी दुसऱ्या कुणी बोलावं?”

“मला यांना एक विचारायचंय.” मास्तर अजूनही त्यांच्याशी थेट बोलत नव्हते, जाऊबाईंकडे बघत होते. “आजारी माणसालाही सोडू नका, असा हुकूम होता का? की यांच्या मनानं चाललं होतं?”

हुकूम होता असं कुंडीवाले म्हणाले असते तर त्यांची सुटका झाली असती, हे माझ्यासारखीलाही कळत होतं.

“आजाऱ्यांविषयी कुणी काहीच सांगितलं नव्हतं,” ते म्हणाले. “कुणाला सोडू नका, एवढंच सांगितलं होतं. पण आमच्यातला एक जण कधीकधी सोडायचा. त्याला कुणी काही केलं नाही. म्हणजे मलाही सोडता आलं असतं. मी सोडलं नाही. कादंबरीत तो पोरगा साथीदाराला घाबरतो, असं आहे. मी घाबरत होतो हे खरं आहे. पण घाबरत होतो म्हणून सोडलं नाही असं म्हणालो, तर ते पूर्ण खरं नाही. मागे फिरा म्हटलं की माणसं फिरायची. मला त्याची सवय झाली होती.”

“यांच्या नाक्यावरून कुणी आजारी माणूस मागे गेला होता का, विचारा.”

“गेला असेल. गेलाच असेल. मी गाड्यांच्या आत बघायचो नाही. बघायचं नाही, असं मी ठरवलं होतं.”

चष्मेवाल्यांनी हाताची घडी सोडली होती. मास्तर म्हणाले, “बरं. आजवर जो तो मला सांगत आला, की वरून हुकूम होता, पोरं तरी काय करणार. मला ते कधी पटलं नाही. माझे वडील मात्र तेच धरून बसले होते, मरेपर्यंत.” ते थांबले. “मी यांना माफ केलं, असं कुणी समजू नये.”

“कुणी समजत नाहीये, मास्तर,” जाऊबाई म्हणाल्या.

मंडळ तिथे संपू शकलं असतं. जाऊबाईंनी ते संपू दिलं नाही. त्यांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि विचारलं, “तुमची बहीण कशी होती? आम्हाला ती फक्त हातगाडीवरची माहीत आहे.”

मास्तरांना हे अपेक्षित नव्हतं. मग ते म्हणाले, की ती शीळ फार छान वाजवायची आणि त्यावरून आईचा मार खायची. नकाशे रंगवायला तिला आवडायचं, पण समुद्राला ती कधी निळा रंग द्यायची नाही. म्हणायची, तुम्ही कुणी पाहिलाय का, मग कशावरून निळा? बोलता बोलता मास्तर हसले. मग ते पाणी प्यायले, आणि पुन्हा बोलायला लागले. भावंडांच्या भांडणात ती कशी चावायची, तिला गणित कसं यायचं नाही, दारामागे उभी राहून ती लोकांना कशी दचकवायची. पुस्तकातला एक शब्दही त्या दिवशी कुणी वाचला नाही.

मी कुंडीवाल्यांकडे बघत होते. त्यांनी मान खाली घातली नाही. कॅमेरा बंद करावा असं त्यांना किती वाटलं असेल, पण ते शेवटपर्यंत तिथे होते. मास्तरांचं बोलून झाल्यावर ते फक्त म्हणाले, “मी ऐकलं.”

सगळे गेल्यावर जाऊबाईंनी फोन पकडीतून काढला आणि डोळे पुसले. मग माझ्यावरच खेकसल्या, “थर्मास घरी विसरलीस ना?” मी विसरले होते.

नंतर मला कळलं, की चष्मेवाल्यांनी त्याच आठवड्यात कुंडीवाल्यांना निरोप पाठवला होता. ‘तुमच्या चष्म्याची डावी काडी वाकली आहे, दुकानात आलात तर सरळ करून देईन.’ ते गेले की नाही, माहीत नाही. पण पुढच्या खेपेला चष्मा सरळ दिसला. निघून गेलेल्या दोघांपैकी एक जण परत आला. दुसरा नाही आला. शिकवणी सोडलेली बाईही आली नाही. तिच्याबद्दल जाऊबाई म्हणाल्या, “रिव्हर्स चांगला जमायला लागला होता तिला.” घरात त्यांना कुणी शाबासकी दिली असं नाही. मोठे दीर मात्र हल्ली रविवारी दुपारी गाडी मागायचं टाळतात, आणि त्यांच्याकडून तेही पुष्कळ आहे.

लोक जाऊबाईंना धीराची बाई म्हणतात. गर्दीच्या रस्त्यावर शिकाऊ माणसाच्या हातात गाडी देऊन शेजारी बसायचं म्हणजे धीर लागतोच. पण त्या रविवारी मी जे पाहिलं, ते वेगळं होतं. तिथे त्यांच्या पायाशी तो जास्तीचा ब्रेक नव्हता. दोन म्हाताऱ्यांपैकी कोण काय बोलेल, कोण उठून जाईल, काही त्यांच्या हातात नव्हतं. तरीही त्या जागच्या हलल्या नाहीत, आणि स्वतःची गोष्ट ओठांवर असूनही त्यांनी ती गिळली. माझ्या ओळखीत असं करणारं दुसरं माणूस नाही.

मास्तर आणि कुंडीवाले त्यानंतर कित्येक महिने एकमेकांशी बोलत नव्हते. जे काही बोलायचं ते जाऊबाईंमार्फत. “बाई, त्यांना सांगा, या पात्राबद्दल माझं मत उलटं आहे.” मग जाऊबाई, सगळ्यांनी ऐकलेलंच वाक्य तोंडाने पुन्हा सांगायच्या. कुंडीवाले स्वतःहून पहिल्यांदा कधी बोलत नसत. विचारलं तरच.

मागच्या महिन्यात आम्ही एका बेटावर राहणाऱ्या पाववाल्याची कादंबरी वाचत होतो. कुंडीवाल्यांना काहीतरी सांगायचं होतं. ते बोलायला लागले, ओठ हलत होते, एक हातही हलत होता, पण आवाज येत नव्हता. नर्स हसू दाबत होती. अशा वेळी नेहमी जाऊबाई सांगतात. त्यांनी तोंड उघडलंही होतं.

“अहो,” मास्तर म्हणाले, “तुमचा माइक बंद आहे.”

कुंडीवाले थबकले. त्यांनी वाकून बटण शोधलं, दाबलं. “आता येतोय का आवाज?”

“येतोय. पहिल्यापासून सांगा,” मास्तर म्हणाले. “कितव्या पानावर आहात?”

कुंडीवाल्यांनी पान सांगितलं, आणि मास्तर पुस्तक उघडून ते पान शोधायला लागले.